बारभाईंचे कारस्थान

बारभाईंचे कारस्थान हा पेशवाईतील एक राजकीय कट होता. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर रघुनाथराव (राघोबादादा) यांना पेशवेपदावरून दूर करण्यासाठी पुण्यातील मुत्सद्द्यांनी व सरदारांनी तो १७७३-७४ मध्ये रचला. सखारामबापू बोकील, नाना फडणवीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे व मोरोबा फडणवीस हे त्यातील प्रमुख होत. कट यशस्वी झाला. मात्र त्यातून उद्भवलेल्या युद्धात ठाण्यासह साष्टी बेट मराठ्यांनी गमावले.

पार्श्वभूमी

३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून केला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवले, तरीही पेशवेपदाची वस्त्रे त्यांनाच मिळाली. पेशवे घराण्यात दुसरा प्रबळ दावेदार नसल्याने विरोधकांपाशी नाराजी होती, पण अधिकार नव्हता. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर असल्यामुळे तो आधार मिळाला.

कटाची रचना

रघुनाथराव दक्षिणेच्या मोहिमेवर असताना कटातील मंडळी निरनिराळी निमित्ते सांगून छावणीतून पुण्यास परतली. जानेवारी १७७४ मध्ये गंगाबाईंना पुरंदर किल्ल्यावर नेण्यात आले व त्यांच्या नावाने कारभार सुरू झाला. ही सारी मांडणी पुत्रजन्मावर अवलंबून होती. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि चाळीस दिवसांच्या या बालकास पेशवेपद देण्यात आले.

ठाणे व साष्टी

एकाकी पडलेल्या रघुनाथरावांनी मुंबईकर इंग्रजांची मदत मागितली. वाटाघाटी चालू असतानाच इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला जिंकला. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहाने रघुनाथरावांनी साष्टी व वसई देण्याचे मान्य केले. ठाणे खाडीकाठचा कोपरी परिसर याच साष्टीत येतो. १७७९ मध्ये वडगाव येथे पराभूत झालेल्या इंग्रजांनी साष्टी परत करण्याचे कबूल केले, पण मुंबई सरकारने तो तह नाकारला. १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी सवाई माधवरावांना मान्यता दिली; साष्टी मात्र त्यांच्याकडेच राहिली. ठाण्याच्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे.

कटातील फूट

समान शत्रू दूर होताच बारभाईंची एकजूट टिकली नाही. मोरोबांनी १७७८ मध्ये रघुनाथरावांचा पक्ष घेतला व ते कैदेत पडले. पुढच्याच वर्षी सखारामबापूंनाही कैद झाली आणि कारभाराची सूत्रे नाना फडणवीसांच्या हाती एकवटली.