उडवण्याआधी तपासा: हातातला रेडिओ चेकर घ्यावा का?



नांदगाव-मनमाड पट्ट्यात शाळांसाठी मॉडेल विमानांची कार्यशाळा घ्यायची किंवा कांदा-मक्यावर ड्रोनने फवारणी करून द्यायची, असं डोक्यात असेल तर हा विषय तुमच्यासाठी आहे. रिमोटचा संपर्क तुटला की विमान पडतं. शाळेच्या मैदानात पडलं तर पैशांबरोबर नावही जातं.

पूर्वी 35 किंवा 72 मेगाहर्ट्‌झचे रिमोट असायचे. दोघांचा चॅनल एकच निघाला की एकाचं विमान गेलंच! म्हणून तेव्हा चेकर लागायचा. आता बहुतेक रिमोट 2.4 गिगाहर्ट्‌झवर चालतात आणि सतत फ्रिक्वेन्सी बदलत राहतात. पण वाय-फाय, ब्लूटूथ यांचीही गर्दी त्याच पट्ट्यात आहे. मग चेकर घ्यायचा का? आधी त्याचीच परीक्षा घ्या.

1. घरातली वाय-फाय उपकरणं बंद करून आकडा लिहा. लक्षात ठेवा, उणे 60 डीबीएम हा सिग्नल उणे 90 पेक्षा जोरदार असतो. इथे बरेच जण गोंधळतात.

2. मोकळ्या जागेत मोबाईलचा हॉटस्पॉट 2.4 वर लावा आणि दुसऱ्या फोनवर व्हिडिओ चालू ठेवा. 2, 4 आणि 8 मीटरवरून आकडा घ्या. अंतर दुप्पट झालं की आकडा साधारण 6 डीबीने उतरायला हवा. अजिबात हलत नसेल तर यंत्र परत करा.

3. आता हॉटस्पॉट 5 गिगाहर्ट्‌झवर न्या. तरीही काटा तसाच उडत असेल तर या चेकरला पट्टे वेगळे ओळखता येत नाहीत.

4. शेवटी तुमचा रिमोट सुरू करा. फ्रिक्वेन्सी बदलत असल्यामुळे आकडा नाचणारच. एक मिनिट बघा, सर्वात मोठा आकडा लिहा.

मैदानावर जाल तेव्हा ज्या वेळी उडवणार त्याच वेळी मोजा. रविवारी सकाळी शांत असलेली शाळा सोमवारी दुपारी तशी नसते.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. चेकर जमिनीवरचं ऐकतो. विमान उंच गेलं की त्याला लांबचेही सिग्नल ऐकू येतात. म्हणून चेकरने रेंज चेक टळत नाही. रिमोट कमी शक्तीच्या रेंज चेक मोडवर टाका, कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतरापर्यंत चालत जा आणि सगळे कंट्रोल हलवून बघा. एकदा मोटर बंद ठेवून, एकदा चालू ठेवून. हे काम फुकटात होतं!

कायद्याचंही बघा. ड्रोन नियम 2021 प्रमाणे शिक्षण किंवा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेलं 25 किलोपर्यंतचं विमान ‘मॉडेल’ धरलं जातं. पैसे घेऊन फवारणी हा वेगळा प्रकार, त्याला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. आणि दोन्हीसाठी डिजिटल स्कायच्या नकाशावर जागा हिरव्या क्षेत्रात आहे का, ते आधी तपासा.

आता धंद्याचं गणित. एकट्याने रिकाम्या माळावर उडवत असाल तर चेकर नंतर घ्या, आधी रेंज चेकची सवय लावा. दर आठवड्याला नवी शाळा, नवं शेत असेल तर घ्या, पण सोबत एक वही ठेवा: तारीख, वेळ, जागा, आकडा. ग्राहकाला “काही होणार नाही” अशी हमी देऊ नका. वहीतली नोंद दाखवा. आकडा नेहमीपेक्षा खूप चढला तर त्या दिवशी उड्डाण रद्द करा. एका दिवसाची कमाई बुडेल, विमान आणि ग्राहक दोन्ही राहतील.