स्पीड तीनशे, चित्र चिखल

"प्लॅन वाढवून घ्या." क्लाउड गेमिंगचं चित्र फुटायला लागलं, की कट्ट्यावरच्या मित्रापासून कस्टमर केअरपर्यंत सगळ्यांचं औषध हेच. माझ्या भाच्याने ते घेतलंही. केबलवाल्याचं शंभर एमबीपीएसचं कनेक्शन तीनशेचं केलं, आणि शर्यतीत गाडी वळणावर आली की रस्त्याकडेची झाडं पूर्वीसारखीच हिरवा चिखल होऊन पसरत राहिली. मग मला फोन. "मामा, पाचशेचा घेऊ का?"

नको रे बाबा. आधी हिशेब बघ. एनव्हिडियाच्या जीफोर्स नाऊ या क्लाउड गेमिंग सेवेला १०८०पी, सेकंदाला ६० फ्रेम असं चित्र पाठवायला २५ एमबीपीएस पुरतात, ७२०पीला १५. कंपनीनेच तसं लिहून ठेवलंय. म्हणजे त्याचा जुना प्लॅनच चौपट होता. त्याच यादीत आणखी एक अट आहे, ती मात्र कुणी वाचत नाही: सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, म्हणजे पिंग, ८० मिलिसेकंदांच्या आत हवा, ४० च्या आत असला तर उत्तम.

"मग नेटफ्लिक्स कसं चकाचक दिसतं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. नेटफ्लिक्स पुढचा भाग आधीच उतरवून ठेवतं. पिंप भरलेलं असलं की नळ गेलेला कळत नाही, तसं. गेममध्ये पिंप भरणार कसं? पुढच्या क्षणी तुम्ही डावीकडे वळणार की ब्रेक दाबणार, हे सर्व्हरला ठाऊकच नसतं. दर १६.७ मिलिसेकंदांना नवी फ्रेम तयार करायची, आकसून पाठवायची. तीही किती आकसून? मूळ चित्र सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट भरतं; ते २५ मेगाबिटमध्ये, म्हणजे साधारण एकशेविसाव्या हिश्शात कोंबायचं. पॅकेट हरवू लागली किंवा रखडू लागली, की सर्व्हर बिटरेट आणखी खाली आणतो, आणि गवत, पाऊस, धूर यांचे बारीक तपशील सगळ्यांत आधी जातात. गेम बंद पडू नये म्हणून सर्व्हरने चित्राचा बळी दिलेला असतो.

स्पीड टेस्टमध्ये हे का दिसत नाही? ती टेस्ट बहुधा जवळच्याच सर्व्हरवरून काही सेकंद भरपूर माल ओढून एक मोठा आकडा दाखवते. मधेच अर्धा सेकंद रस्ता तुंबला, तर तो आकड्यात विरघळून जातो. गेममध्ये मात्र अर्ध्या सेकंदात ३० फ्रेम असतात.

रविवारी त्याच्या घरी गेलो. राउटर दाराशी, चपलांच्या बंद कपाटात. भाचा दोन भिंतींपलीकडे, २.४ गिगाहर्ट्झवर. या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनल व्यवहारात तीनच, १, ६ आणि ११. त्यावर अख्ख्या बिल्डिंगचे राउटर, शिवाय तिथेच गुणगुणणारा स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह. लॅपटॉप वायरने जोडला, पिंग चालू ठेवलं. २०, २१, २०. तेवढ्यात ताईच्या फोनने लग्नाचे व्हिडिओ गूगल फोटोजवर चढवायला घेतले. ९०. २१०. ३८०. ताईला बॅकअप थांबवायला सांगितला, पुन्हा वीस.

चोर इथे होता. प्लॅन वाढला तो डाउनलोडचा. अपलोड होता तिथेच, वीस एमबीपीएसवर. वर जाणारा रस्ता भरला की राउटर पॅकेटची लांबच लांब रांग लावतो. तुमची बटणं आणि "चित्र पोचलं" हे सर्व्हरला जाणारे निरोप त्याच रांगेत ताईच्या वरातीमागे उभे राहतात. निरोप उशिरा आले, की सर्व्हर समजतो रस्ता खराब आहे. या दुखण्याला जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास 'बफरब्लोट' हे नाव दिलं. त्यावरची एफक्यू-कोडेल ही पद्धत इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने २०१८ मध्ये आरएफसी ८२९० म्हणून छापलीही. आणि आपण २०० रुपये जास्त भरून डाउनलोड वाढवतोय!

उपाय तासाभराचा निघाला. कॅट-६ वायर भिंतीकडेने खोलीपर्यंत नेली. राउटरमध्ये एसक्यूएम, म्हणजे ही रांग आवरणारी सोय होती, ती चालू करून अपलोडची मर्यादा १७ वर बांधली. तुमच्या राउटरमध्ये ही सोय नसेल, तर फोनचे बॅकअप रात्रीवर टाका. वायर शक्य नसेल, तर राउटर निदान कपाटाबाहेर काढा आणि ५ गिगाहर्ट्झ वापरा. जीफोर्स नाऊच्या सेटिंगमध्ये कमाल बिटरेटही बांधता येतो. लाइन हलती असेल तर स्थिर १५ हे नाचणाऱ्या ४० पेक्षा बरे.

बाकीचे समज थोडक्यात. डीएनएस बदलून चित्र सुधारत नाही. तो फक्त पत्ता शोधून देतो. व्हीपीएनमुळे बहुतेक वेळा वळसाच वाढतो. गेममधलं ग्राफिक्स 'अल्ट्रा' केल्याने फुटलेला स्ट्रीम जुळत नाही. ५जीचा वेग जास्त, पण टॉवरवर गर्दी झाली की तोही हेलकावतो. आणि फायबरमध्ये दर हजार किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद लागतातच, म्हणून सर्व्हर जवळचा निवडा. कुठलाही प्लॅन प्रकाशाला पळवत नाही.

प्लॅन वाढवण्याआधी एकदा पिंग चालू ठेवून घरातल्या कुणाला तरी मोठा व्हिडिओ चढवायला सांगा. आकडा शंभरापलीकडे उडाला, तर कस्टमर केअरला फोन करू नका. राउटरची सेटिंग उघडा.