निवडलेला अध्यक्ष, नेमलेला अध्यक्ष

स्पेनच्या बालेआर बेटांना १९८३ मध्ये स्वायत्तता मिळाली. तिथला अध्यक्ष बेटांच्या विधिमंडळातूनच निवडला जातो. राजा फक्त नेमणुकीवर सही करतो. इकडे विदर्भातल्या वरोऱ्याचा मतदार आमदार निवडतो, खासदार निवडतो. विदर्भाच्या नावानं मात्र कुणालाच निवडत नाही. त्याच्या वाट्याला आलं ते राज्यघटनेच्या कलम ३७१(२) खालचं, १९९४ चं वैधानिक विकास मंडळ. त्याचा अध्यक्ष राज्यपाल नेमत. मंडळ अनुशेष मोजी, शिफारशी करी. कर किंवा कायदा करण्याचा अधिकार त्याला नव्हताच. बेटं समुद्रानं तुटलेली, विदर्भ थोडाच तसा आहे, असं कुणी म्हणेल. पण आंदालुसिया स्पेनच्या मुख्य भूमीवरच आहे, आणि तिथंही अध्यक्ष निवडलेलाच असतो. निवडलेल्याला पाडता येतं. नेमलेल्याची नुसती मुदत संपते. विदर्भ मंडळाची ३० एप्रिल २०२० ला संपली.