निखाऱ्यावरची लवंग

लखनौच्या अमीनाबादेतल्या गलौटी कबाबाला धुराचा वास येतो, स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या व्हिस्कीलाही येतो. म्हणून दोन्ही धूर एकच, असे म्हणणे घाईचे आहे. आयलात मोड आलेला ओला सातू पीटच्या धुरावर वाळवतात. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पती. त्यांतून फिनॉल, क्रेसॉल, ग्वायकॉल निघून दाण्याला चिकटतात. कबाबाला धुंगार, म्हणजे धुराचा वास, देताना खिम्यात वाटी बसवून तीत निखारा ठेवतात आणि वर तूप सोडतात. असा वास देणारे लाकडातले लिग्निन कोळशात केव्हाच जळून गेलेले. धूर होतो तो तुपाचा. मग वास जुळतो कसा? अहो, निखाऱ्यावर बऱ्याचदा लवंगही पडते! तिच्यातले युजेनॉल हे ग्वायकॉलचेच भावंड, आणि ओकच्या पिंपातून ते व्हिस्कीतही उतरते. व्हिस्कीच्या मर्यादित आवृत्तीच्या बाटल्यांवर दिमाखात मिरवणारा पीपीएमचा (दहा लाखांत किती भाग) आकडा मात्र बहुधा माल्टमधल्या फिनॉलचा असतो. ऊर्ध्वपातनानंतर पेल्यात त्याहून बरेच कमी उरते.