अस्वलाच्या रानात घुंगरांची काठी

बुलढाण्याहून खामगावकडे जाणारा बोथ्याचा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. अजिंठ्याच्या डोंगररांगेतलं हे सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं रान. २०१९च्या डिसेंबरात टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत एक तरुण वाघ इथे आला आणि ज्ञानगंगेचं नाव देशभर झालं. पण इथल्या पायवाटेवर माणसाला खरी धास्ती असते ती अस्वलाची. मग अशा रानात पायी जाताना हातात काय असावं? कुऱ्हाड, सुरा, की आणखी काही?

उत्तर अस्वलाच्या तोंडात दडलंय. त्याला वरचे मधले दोन दात नसतातच. बोटभर लांब नख्यांनी ते वारूळ फोडतं, फुंकर मारून माती उडवतं, नाकपुड्या घट्ट मिटतं आणि ओठांची नळी करून त्या दातांच्या फटीतून वाळवी ओढून घेतं. हा भुरकण्याचा आवाज शंभर मीटरांवरूनही ऐकू येतो. या लांब नख्या बघून १७९१ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याला चक्क झाडाला लटकणाऱ्या ‘स्लॉथ’च्या कुळात घातलं होतं!

आता बघा, ज्याचं नाक एवढं तिखट, त्याने जेवताना ते नाकच मिटून घेतलंय. नजर मुळात अधू आणि कान स्वतःच्याच भुरक्यांनी भरलेले. अशा वेळी आपण गुपचूप पावलं टाकत दहा हातांवर पोचलो, तर त्याच्या लेखी आपण आभाळातून पडलो. वाघाच्या शेजारात पिढ्यान्‌पिढ्या काढलेल्या या जनावराला दचकल्यावर पळणं परवडत नाही, झाडावर चढावं तर बिबट्याही चढतो. म्हणून ते सरळ अंगावर येतं, आणि बहुतेकदा चेहऱ्यावर, डोक्यावर. ताशी ३० किलोमीटर वेग धरला तरी सेकंदाला आठ मीटर होतात. कुऱ्हाड खांद्यावरून उतरेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं.

कायद्यानेही कुऱ्हाड-सुरा चालत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही, आणि शस्त्राच्या व्याख्येत सुरीसुद्धा येते. जीव वाचवताना जनावर जखमी झालं तर कलम ११ माफी देतं. पण त्या वेळी तुम्ही याच कायद्याचा भंग करत असाल, तर ती माफी मिळत नाही.

मिरचीचा फवारा मात्र विचार करण्याजोगा आहे. त्यातलं कॅप्सेसिन उष्णतेची जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. काहीही भाजत नसताना नाक-डोळे पेटल्यासारखे होतात. अस्वलाचं सगळ्यात नाजूक इंद्रियच त्याच्यावर उलटतं. अलास्कातल्या घटनांच्या २००८ च्या अभ्यासात तपकिरी अस्वलांना तो ९२ टक्के वेळा थोपवू शकला. आपलं अस्वल वेगळं, आणि वारा तोंडावर असेल तर फवारा आपल्याच डोळ्यांत जायचा. न्यायचाच असेल तर वनखात्याला आधी विचारावं.

माझा कौल घुंगरांच्या काठीला. जुन्या काळी डाक घेऊन रानातून धावणाऱ्या हरकाऱ्याच्या भाल्यालाही घुंगरं असत. किती साधी गोष्ट! काठीचं टोक जमिनीवर आपटलं की छुनछुन पुढे धावते आणि आपल्या आधी अस्वलापर्यंत पोचते. त्याला निघून जायला वेळ मिळतो. वारा समोरून येत असेल तेव्हा आपला वास मागेच राहतो. ओढ्याकाठी पाण्याच्या खळखळीत आवाज बुडतो. अशा ठिकाणी काठी जोरात आपटावी, मोठ्याने बोलावं, दोघा-चौघांनी मिळून चालावं. तरीही ते अंगावर आलंच, तर पालथं पडून दोन्ही हातांनी मान झाकून घ्यावी.

मोह फुलतो त्या दिवसांत भल्या पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडलेला असतो. माणूस फुलं वेचायला येतो आणि अस्वलही त्याच वेळी खायला. वाटेला वळण आलं की वळायच्या आधी थांबा. काठी दोनदा आपटा आणि कान द्या. पलीकडे पाला चुरचुरेल, एक जोरदार फुसकारा येईल, आणि पाठीवर पिल्लू घेतलेली एक काळी केसाळ आई घाणेरीच्या झुडपांत शिरून दिसेनाशी होईल.