वाय नदीवरील चेपस्टो

ग्रेट ब्रिटन बेटाच्या पश्चिमेस वेल्स हा डोंगराळ प्रदेश आहे. त्याच्या आग्नेय टोकास, इंग्लंडच्या अगदी सीमेवर, वाय नदीच्या काठी चेपस्टो हे लहानसे गाव वसले आहे. गावास नावे दोन. चेपस्टो या जुन्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘बाजाराची जागा’ असा होतो. वेल्श भाषेत मात्र त्यास कास-ग्वेंट, म्हणजे ‘ग्वेंट प्रांताचा किल्ला’, असे म्हणतात.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. दुसऱ्याच वर्षी त्याचा सरदार विल्यम फिट्झऑस्बर्न याने येथे किल्ल्याच्या कामास आरंभ केला. वेल्समध्ये शिरावयाचे, तर सीमेवर पाय रोवावयास भक्कम जागा हवी होती. नदीकाठचा चुनखडीचा उभा कडा त्यास जणू तयारच सापडला. कड्याचा माथा अरुंद व लांबट, म्हणून किल्लाही तसाच आहे. एकामागून एक चौक ओलांडीत आपण वर चढत जातो. मधल्या भव्य दगडी इमारतीच्या भिंतीत तांबूस विटांचा एक पट्टा दिसतो. त्या विटा रोमन लोकांच्या पडक्या घरांतून आणलेल्या आहेत!

परंतु किल्ल्याचे खरे बळ नदीत होते. वाय नदी थोड्याच अंतरावर सेव्हर्नच्या खाडीस मिळते. ही खाडी नरसाळ्यासारखी आहे: समुद्राकडे रुंद, आत निमुळती. भरतीच्या पाण्यास आत पसरावयास जागा मिळत नाही, म्हणून ते उंच चढते. मोठ्या भरतीस येथे पाणी १२ मीटरांहून अधिक चढते. चार मजली घर त्यात बुडून जाईल. ओहोटीच्या वेळी काठावरून फिरावयास जावे, तो खाली चकाकणारा चिखल व मधून वाहणारा बारीक प्रवाह दिसतो. सहा तासांनी यावे, तर तेथेच तुडुंब पाणी! जमिनीकडून शत्रूने वाट अडविली, तरी भरतीबरोबर गलबते कड्याखाली येत आणि तळघराच्या तोंडातून दोराने धान्य वर ओढून घेता येई.

किल्ल्यातील लाकडी दरवाजे अवश्य पाहावेत. लाकडातील वाढीची वर्तुळे मोजून ते ११९० पूर्वीचे ठरले आहेत. युरोपातील किल्ल्यांच्या दरवाजांत ते सर्वांत जुने मानले जातात. १९६२ पर्यंत ते मुख्य वेशीवरच होते. आता आत जपून ठेविले आहेत.

एका बुरुजास मार्टेन बुरूज म्हणतात. राजा पहिला चार्ल्स याच्या मृत्युदंडाच्या आज्ञापत्रावर १६४९ साली सही करणारा हेन्री मार्टेन येथे अनेक वर्षे कैदेत होता व १६८० साली येथेच मरण पावला. बुरूज बांधणारा उमराव विस्मृतीत गेला. नाव राहिले ते कैद्याचे.

किल्ल्याखालून वाट १८१६ सालच्या लोखंडी पुलाकडे जाते. सीमा पुलाच्या मध्यावर आहे. तेथे एक पाय वेल्समध्ये व दुसरा इंग्लंडमध्ये ठेवून उभे राहता येते. पूल ओलांडून मागे वळावे. कड्यावर पसरलेला सबंध किल्ला पलीकडच्या तीरावरूनच नीट दिसतो.