पाण्याबरोबर गेलेलं खत

खेड तालुक्यातल्या कुरुळीचं शिवार इंद्रायणीच्या खोऱ्यात. नांगरून उघड्या पडलेल्या रानावर वळवाची सर कोसळली की ओघळांतून गढूळ पाणी धावतं. ओढा, इंद्रायणी, तुळापूरला भीमा आणि पुढे थेट उजनी धरण. एकरभर रानावरून जेमतेम १ मिलिमीटर माती खरवडली गेली, तरी ती सुमारे ५ टन भरते. बांधावर उभं राहून पाहिलं तर काहीच कमी झालेलं दिसत नाही. जाते तीही वरची, सेंद्रिय कर्बाची. स्फुरद मातीच्या बारीक कणांना चिकटून जातं. नत्राचं तसं नाही: नायट्रेट पाण्यात विरघळून वाहतं, नाहीतर मुळांखाली झिरपून विहिरीत उतरतं. आभाळ भरून आलेलं असताना युरिया फेकला, तर त्यातल्या ४६ टक्के नत्राचा मोठा वाटेकरी ओढाच. उजनीत जलपर्णी पोसते ती अशाच नत्र-स्फुरदावर. शहरांच्या सांडपाण्याचा वाटा अर्थात वेगळा.

ही धूप एकट्या कुरुळीची नाही. देशात दर हेक्टरी वर्षाला सरासरी १६ टन माती धुपते, हा १९८३चा अंदाज अजूनही सांगितला जातो.

कुरुळीजवळच्या चाकण पट्ट्यात तर छपरं आणि काँक्रीटची आवारं पाणी मुरू देत नाहीत; ते लोंढ्यानं खालच्या शेतांत उतरतं. अशा लोंढ्याखालच्या शेतात उताराला आडवी पेरणी आणि बांधावरचं गवत हवंच, पण दगडी सांडवा नसेल तर मातीचा बांध फुटतो.